कळप तोडायचा नसतो

परवा गावच्या रेल्वे फाटकावर मोजमापं घ्यायला माणसं आली होती. इथं वरून पूल करायचा की खालून रस्ता काढायचा, म्हणजे लोकांचा खोळंबाही थांबेल आणि कुणाचा जीवही जाणार नाही, असं त्यांचं चाललं होतं. गावातले चार जाणते म्हणवणारे त्यांना माहिती द्यायला गोळा झाले. त्यातला एकजण म्हणाला, "साहेब, लई जुनं दुखणं हाय हे. पूर्वी एका धनगराच्या मेंढरांपायी इथं मोठा घोटाळा झाल्ता." मी शेजारीच भाजीची पिशवी घेऊन उभी होते. म्हटलं, "मेंढरांपायी न्हाई. नीट सांगा. नीट सांगता येत नसंल तर गप ऱ्हावा." तो धनगर म्हणजे माझा बाप होता आणि ती मेंढरं आमची होती. साहेब बिचारे हसले, फीत ओढत पुढं गेले. पण इतकी वर्षं झाली तरी लबाडी कशी ताजीच्या ताजी, ते माझ्या डोक्यातून जाईना. मी चौथी शिकलेली बाई. लिहिते ते जसं बोलते तसंच, आणि बोलते कशी ते आमच्या गावात कुणालाही विचारा. निम्मे हसतील, निम्मे तोंड फिरवतील. त्या तोंड फिरवणाऱ्यांसाठी हे लिहायला घेतलंय म्हणा.

आमचं घर फाटकाच्या अगदी अलीकडे. रुळांपासून एवढं जवळ, की गाडी गेली की उतरंडीतली गाडगी एकमेकांना ठोकायची. तेव्हा कोळशाच्या गाड्या होत्या. गाडी येतीय म्हटलं की माय आधी कालवणावर झाकण घालायची, मग दोरीवरची लुगडी आत ओढायची, आणि गाडी गेल्यावर पुन्हा सगळं उलट करायची. दिवसातून कितीदा तरी हा खेळ. आबा, म्हणजे माझा बाप, म्हणायचे, "गाडीचा सासुरवास आपल्याला." सकाळी हुलग्याचं माडगं, नाहीतर रात्रीची भाकर आणि मेंढीच्या दुधाचा चहा. हा चहा एवढा दाट, की सवय नसलेल्या माणसाला एका कपातच भूक मरावी. पाव्हणे यायचे, नाक मुरडायचे आणि दुसरा कप मागायचे. घराला लागून काटेरी कुंपणाचं वाडगं, त्यात मेंढरं कोंडायची. आमच्या अंगाला, अंथरुणाला, भाकरीला सुद्धा मेंढराचा वास असायचा. शाळेत पोरी लांब बसायच्या म्हणून मी रडत घरी आले, तर माय म्हणाली, "मंग तू बी लांब बस की. त्यांच्या अंगाला कसला वास येतो, हुंगलंस का कधी?" माझी जीभ कुठून आली ते यावरून कळावं.

रुळांच्या या बाजूला गाव आणि काळी जमीन. कापूस, ज्वारी, पुढं पुढं मोसंबीच्या बागा. त्या बाजूला ओढा आणि ओढ्यापलीकडे गायरान. मेंढरांना तोंड घालायला जागा असलीच तर ती तिकडे. म्हणजे रोज सकाळी कळप फाटकातून पलीकडे न्यायचा आणि उन्हं उतरली की परत आणायचा. आमचे पणजे-खापरपणजे कळपामागं मुलुख फिरले, आबांनी मात्र इथंच घर धरलं, आणि घर धरलं ते नेमकं रुळाच्या चुकीच्या बाजूला. फाटकावर इब्राहिम चाचा म्हणून गेटमन होते. तपकीर ओढायचे आणि शिंकत शिंकत शिव्या द्यायचे. त्यांच्या खोलीत टेशनावरून घंटी आली की बाहेर येऊन चाक फिरवायचे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबलचक दांडे करकरत खाली यायचे. मग गाडी कधी लगेच यायची, कधी मालगाडी पुढच्या टेशनात अडकलेली असली तर येता येत नसे. गाड्यांना जुंपलेले बैल पेंगायचे, एसटीतले लोक खाली उतरून विड्या ओढायचे आणि सगळे मिळून चाचांवर ओरडायचे. चाचा म्हणायचे, "अरे भई, गाडी मेरे बाप की है क्या? घंटी आई, बंद किया. घंटी बजेगी, खोलूंगा. बिलकुल नहीं खोलता जल्दी." ओरडणाऱ्यांची तोंडं दुखायची, पण चाचांनी कधी घंटीआधी दांडा उचलला नाही.

आबांचा एक नेम होता आणि तो आमच्यात सगळ्यांचाच असतो. कळप तोडायचा नाही. मेंढरू एकटं कधी शहाणं नसतं. पुढचं जिथं गेलं तिथं मागचं जाणार, आणि मधेच तुटलं तर दोन्हीकडची येडी होणार. त्यात आमची लहान कोकरं दिवसभर घरी वाडग्यात असायची, कारण एवढं चालणं त्यांना झेपत नाही. संध्याकाळी मेंढ्या परत यायच्या तेव्हा त्यांच्या कासा तट्ट भरलेल्या आणि इकडं कोकरं ओरडून ओरडून घसा बसवून घेतलेली. कळपापुढं चालणाऱ्या शेळीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली की माय वाडग्याची झापड उघडायची, कोकरं सुटायची आणि शंभर ठिकाणी शंभर आया आपापलं लेकरू हुंगून शोधायच्या. गोंगाट म्हणजे काय ते तेव्हा ऐकावं. म्हणून आबा कधीही कळप फाटकापाशी आणून थांबवायचे नाहीत. दांडा खाली असला तर ते पलीकडं लांब लिंबाखाली थांबायचे, जिथून कोकरांचा आवाज कळपाच्या कानावर जात नाही. दांडा वर गेला, की सगळा कळप एका दमात, न तुटता, पार.

आता याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकाच अंगानं बोलती. फाटक उघडायची वाट बघत लोक ताटकळलेले असायचे आणि दांडा वर जातो न जातो तोच लिंबाखालून आमचा कळप धूळ उडवत यायचा आणि रस्ता भरून टाकायचा. पुन्हा थांबा. शिव्या चाचांना अर्ध्या आणि आम्हाला अर्ध्या. सगळ्यात जास्त भाऊसाहेबांना झोंबायचं. भाऊसाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार. मोसंबीत चांगले कमावलेले, गावातली पहिली जीप त्यांची. जीप घेतल्यापासून त्यांना थांबणं हा अपमान वाटायला लागला होता. बैलगाडीत बसायचे तेव्हा हेच भाऊसाहेब फाटकावर चाचांकडं चुन्याची डबी मागून तंबाखू मळायचे. चाकाचा जोर वाढला की माणसाचा दम कमी होतो हे मी तेव्हा पाहिलं आणि अजून पाहते. माझा नातू खाली पडलेल्या दांड्याखालून मोटारसायकल आडवी करून काढतो, एका हातात फोन धरून. परवा तशीच त्याची कॉलर धरली. म्हणतो, "आजी, दोन मिनिटं वाचतात." म्हटलं, "वाचवून काय करतोस ते तरी दाव मला." पारावर बसून फोनच बघतो मेला.

तर त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती आणि कापूस निघाला होता, त्यामुळे फाटकावर गाड्यांची रीघ. उन्हं उतरताना मालगाडी गेली आणि चाचांनी दांडे वर घेतले. आधी समोरच्या बैलगाड्या निघाल्या, मग आबांनी लिंबाखालून कळप उठवला. मी अलीकडे दारात उभी होते. शेळी रूळ ओलांडून आली, तिच्या मागं कळप वाहात आला आणि मायनं झापड उघडली. तेवढ्यात पलीकडून हॉर्न ऐकू आला. भाऊसाहेब जालन्याहून येत होते. त्यांनी हॉर्न दाबून धरला आणि जीप सरळ कळपात घातली. मेंढरं दोन्ही बाजूंना फाकली. जीप मधून निघून आमच्या दारावरून धुरळा उडवत गेली, आणि कळप तुटला. निम्मा अलीकडे, निम्मा पलीकडे घाबरून मागं वळलेला, त्याच्यात आबा. आणि त्याच वेळी चाचांच्या खोलीत घंटी वाजली. मालगाडी गेली की पाठोपाठ पॅसेंजर यायची वेळ असायची. चाचा आबांच्या नावानं ओरडले, "सोपान, रोक! रोक उनको!" आणि त्यांनी दांडे खाली घेतले. दुसरं करणार काय? उघडं ठेवलं असतं तर कापसाच्या गाड्या मधे आल्या असत्या.

पण दांडा माणसाला आडवा, बैलाला आडवा. मेंढराला काय? इकडं कोकरं सुटली होती, आपली आय सापडत नाही म्हणून रस्त्यात उभी राहून आकांत करत होती. पलीकडच्या मेंढ्यांनी ते ऐकलं. आबांनी घोंगडी पसरली, काठी आडवी धरली, आडवे पडले, पण भरल्या कासेच्या आईला कोण अडवतं? खालून निघाल्या सगळ्या. चाचा लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेनं पळत सुटले, गाडीनं शिट्टीवर शिट्टी दिली, चाकांतून ठिणग्या उडाल्या. गाडी थांबली, पण थांबायला पाहिजे होती त्याच्या पुष्कळ पुढं जाऊन. किती गेल्या ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. त्या मोजायच्या वस्तू नव्हत्या. आबा रुळाच्या कडेला बसून राहिले होते. मला वाटलं त्यांना लागलंय. लागलं नव्हतं. मी आणि मायनं मेलेली मेंढरं ओढून बाजूला काढली, कारण गाडीतले लोक खिडकीतून ओरडायला लागले होते की आम्हाला उशीर होतोय.

त्यानंतरचे दिवस आवाजांचेच होते. आई गेलेली कोकरं गप बसत नाहीत. आम्ही दुसऱ्या मेंढ्यांना लावून बघायचो. मेंढी हुंगायची आणि लाथ मारायची. मग माय मेंढीचं डोकं गुडघ्यात धरायची, मी कोकरू कासेला लावायची, आणि आमच्या दोघींच्या अंगावर दुधाचे आणि शेणाचे थर. काही जगली, काही नाही. चूल पेटायची, पण आबा भाकर मोडून तशीच ठेवायचे.

आणि मग मारुतीच्या पारावर बैठक बसली. कशाला? तर फाटकाचा धोका कसा टाळायचा आणि लोकांचा खोळंबा कसा कमी करायचा म्हणून. मला वाटलं, चला, बरं झालं. मी बायकांच्या मागं जाऊन उभी राहिले. एकेकजण उठून बोलला. मेंढरांमुळं गाडी थांबली, मेंढरांमुळं रोज उशीर होतो, उद्या माणूस मरंल. भाऊसाहेब मधोमध बसलेले, मान हलवत होते, जसं काही हे सगळं त्यांना नव्यानंच कळतंय. जीपचं नाव एका तोंडातून निघालं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथूनच ओरडले, "कळपात जीप कुणी घातली, ते बी बोला की!"

सगळे मागं वळून बघायला लागले. भाऊसाहेब माझ्याकडं न बघता आबांना म्हणाले, "सोपाना, पोरीला आवर. बाईमाणसाचं काम न्हाई हे."

म्हटलं, "मेलेली मेंढरं आम्ही बाईमाणसांनीच वढली. तवा कुणी आलं न्हाई म्हणायला, बाईमाणसाचं काम न्हाई म्हणून."

आबांनी माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. पाठीमागं ठरलं ते ठरलंच. फाटकातून मेंढरं न्यायची नाहीत. चाचा आले होते, ते म्हणाले, "गेट तो सबका है, मैं किसको कैसे मना करूं?" तर त्यांना सांगितलं, तुम्ही काही करू नका, गावची माणसं उभी राहतील. आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेबांचे दोन गडी फाटकाच्या तोंडाशी काठ्या घेऊन बसले. मेंढरं वाडग्यात कोंडलेली. फाटक सोडलं तर रुळाचा भराव एवढा उंच आणि खडीचा, की कळप चढवायची सोय नाही. या बाजूला सगळी उभी पिकं, चारायला वीतभर जागा नाही. मी आणि माय बाभळीच्या पाल्याचे डगळे तोडून आणायचो, पण एवढ्या तोंडांना ते कसं पुरणार? मेंढ्यांची हाडं दिसायला लागली. एका दुपारी आबा म्हणाले, "येत्या बाजाराला अंबडला नेतो. सगळीच. यापाऱ्याला सांगून आलोय, तो फाटकापलीकडं घ्यायला येणार हाय."

माय म्हणाली, "आवो, मंग आपुन करायचं काय?"

"जे लोकं करतात ते. मोसंबीची आळी खंदू."

"कुणाच्या बागंत?" मी विचारलं. गावात बाग कुणाची होती ते सगळ्यांना माहीत होतं. माझा बाप भाऊसाहेबांच्या बागेत आळी खणतोय आणि ते जीपमध्ये बसून बघतायत, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मी ठरवलं, मेले तरी हे होऊ द्यायचं नाही. कसं ते माहीत नव्हतं. पण नाही म्हणजे नाही.

फाटकापासून थोडं पुढं रुळाखाली एक मोरी होती. पावसाळ्यात या बाजूचं पाणी तिच्यातून पलीकडच्या ओढ्यात जायचं. माणूस वाकून जाईल एवढी उंची, दगडी कमान. पण तिचं तोंड गाळानं आणि वेड्या बाभळींनी इतकं बुजलेलं, की मोरी आहे हेच लोक विसरले होते. मी गोवऱ्यांसाठी शेण वेचायला त्या अंगाला जायची म्हणून मला ठाऊक. डगळे तोडता तोडता मी तिथं वाकून बघितलं, तर गाळाच्या वर, पार आत, पलीकडचा उजेड दिसला. मी तशीच पळत घरी आले आणि मायला म्हटलं, "माय, कुदळ घे."

"काहून?"

"तू घे तर."

आबा वाडग्यात असताना आम्ही दुपारच्या उन्हात जाऊन खणायचो. ती वेडी बाभूळ काय चीज आहे ते तिचा काटा पायात मोडलेल्यालाच माहीत. मायनं कुऱ्हाड चालवली, मी टोपल्यानं गाळ उपसला. गाळातून काय काय निघालं! फुटकी गाडगी, कुणाची तरी वहाण, सापाची कात. वरून गाडी गेली की सगळी मोरी घुमायची आणि मी कान दाबून खाली बसायची. पहिल्यांदा तर मला वाटलं कमान डोक्यावरच आली. एक दिवस आवाज ऐकून चाचा आले. आम्ही दोघी चिखलानं माखलेल्या. चाचांनी आधी तपकीर ओढली, मग शिंकले, मग म्हणाले, "ये क्या करून राह्यल्या तुम्ही?" मायनं सरळ सांगितलं. चाचा कमानीत वाकून बघून आले. म्हणाले, "पत्थर को हात नको लावू. पटरी की बाजू का एक खडा नको काढू. बाकी गाळ काढला तो बारिश का पानी बराबर जाईल, उसमें किसीका क्या जाता है?" आणि जाता जाता मागं वळून म्हणाले, "और बेटी, ती बाभूळ मुळापासून काढ. परत येती हरामखोर."

मोरी मोकळी झाली तेव्हा आबांना आणून दाखवली. त्यांनी आत बघितलं आणि मान हलवली. "मेंढरू अंधारात शिरत न्हाई, शेवंते. आपल्या बापजाद्यात कुणी शिरवलं न्हाई."

"शिरवून तर बघा."

त्यांनी माझ्या समाधानासाठी थोडी मेंढरं आणली. शेळी तोंडापर्यंत गेली, आत बघितलं, फुरफुरली आणि वळली. तिच्या मागं सगळीच वळली. ढकललं तर एकमेकांवर चढायला लागली. रस्त्यावरून गाडीवाले बघत होते, त्यातला एक ओरडला, "सोपाना, मेंढरांला कंदील दे की हातात!" सगळे फिदीफिदी हसले. आबांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडं बघवेना. मी त्या गाडीवाल्याला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाजाराचा दिवस उजाडला. सकाळी कोकरांना पाजायच्या आधीच आबांनी कळप बाहेर काढला. यापारी पलीकडे लिंबाखाली येऊन उभा होता. कोकरं वेगळी, नंतर न्यायची ठरली होती. कळप फाटकाशी आला, आणि भाऊसाहेबांचे गडी काठ्या आडव्या धरून उभे. "आज जाऊ द्या, बाप्पा," आबा म्हणाले, "इकायलाच नेतो. आजच्यानं संपलं." कापसाच्या गाड्या थांबलेल्या, मागं भाऊसाहेबांची जीप. ते खाली उतरून आले. म्हणाले, "ठरलंय म्हंजी ठरलंय, सोपाना. आज एक फेरी दिली की उद्या दुसरी मागशील. उचलून ने, ट्रकात घालून फिरवून आण, काय करायचं ते कर. ह्या फाटकातून मेंढरू जाणार न्हाई."

म्हणजे बघा. ठेवायची नाहीत, आणि विकायचीसुद्धा नाहीत. आबा काठीला धरून उभे राहिले. तेवढ्यात चाचांकडं घंटी वाजली आणि दांडे खाली आले, दोन्हीकडं गर्दी अडकली. वाडग्यातून कोकरांचा आकांत चाललेला, उपाशी होती बिचारी. फाटकापाशी उभ्या असलेल्या मेंढ्या त्या आवाजाकडं माना वळवून ओरडत होत्या, आणि ते ऐकता ऐकता माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ज्या आवाजामागं त्या गाडीखाली गेल्या, त्याच आवाजामागं त्या अंधारातही जातील. मी आबांना म्हटलं, "आबा, इकायला न्यायची तरी मोरीतूनच न्यावी लागतील आता. कळप मोरीच्या तोंडाशी आणा. ढकलू नका. नुसतं उभं ऱ्हावा."

मी आणि माय वाडग्यात घुसलो. मोठ्या पाट्यांत, घोंगडीच्या खोळीत, काखेत, जमतील तशी कोकरं भरली आणि मोरीतून वाकून पलीकडे नेऊन सोडली. परत आलो, पुन्हा नेली. माय धापा टाकत होती, माझं डोकं कमानीला आपटून रक्त आलं, ते मला नंतर कळलं. सगळी कोकरं पलीकडच्या तोंडाशी ओढ्यात जमली आणि एका सुरात ओरडायला लागली. मोरीत तो आवाज असा घुमला, की वाटावं सगळी कोकरं आतच आहेत. मी पलीकडून वाकून बघत होते. उजेडाच्या तुकड्यात शेळी दिसली, फुरफुरली, मागं सरली. आणि मग शेळीला बाजूला सारून एक काळी मेंढी आत आली. कान मागं, मान खाली, ओरडत. तिच्या मागं दुसरी. मग गडगडाट झाला, खुरांचा. त्याच वेळी वरून गाडी आली, मोरी हादरली, पण एकही मेंढरू मागं वळलं नाही. एक एक करून सगळा कळप माझ्या अंगावरून बाहेर पडला आणि जिला तिला आपलं लेकरू सापडलं. शेवटी माझा बाप वाकून बाहेर आला, पागोट्याला जळमटं लागलेली.

गाडी गेली तरी दांडे खालीच होते, मागून दुसरी यायची होती. फाटकावरचा सगळा गाव आमच्याकडं बघत होता. मघाशी काठी धरून उभे असलेले गडी आता आपल्या मालकाकडं बघत होते. भाऊसाहेब दांड्यावर हात ठेवून ओरडले, "ए पोरी! ती मोरी काय तुझ्या बापाची हाय का?"

"न्हाई," मी ओरडले. "म्हणून तर तुमी बी येऊ शकता, भाऊसाहेब. जीप तेवढी तिथंच सोडा!"

पहिले हसले ते चाचा. मग गाडीवाले हसले, तेच आबांना कंदिलाचं म्हणणारे. मला त्यांचं हसू नको होतं, पण त्या दिवशी ते गोड लागलं हे खोटं कशाला बोलू? पुढं त्याच मोरीतून शाळेची पोरं, डोक्यावर भारे घेतलेल्या बायका, सायकलवाले, सगळेच जायला लागले. दांडा खाली असला तरी माणसाचं अडेनासं झालं. पावसाळ्यात मोरीला पाणी यायचं, तेव्हा चाचांनीच लोकांना पटवून रीत घातली की दांडा वर गेला की आधी कळप जाणार, अख्खा, आणि मग चाकं. पाच मिनिटांनी कुणी मेलं नाही. परवा मोजणीवाल्यांना पुढं जाऊन गाठलं आणि मी हेच सांगितलं, खालून रस्ता काढा, पण आधी पाण्याला वाट द्या, नाहीतर नुसती विहीर होईल. त्यांनी लिहून घेतलं की नुसती मान हलवली, देव जाणे.

पण त्या सकाळी हे काही माहीत नव्हतं. यापारी लिंबाखालून आमच्याकडं आला, कळपात हात घालून मेंढ्यांच्या पाठी चाचपायला लागला. मी आबांकडं बघायचं टाळत होते. अंबडचा रस्ता उजव्या हाताला होता, तो मला दिसत होता. यापारी म्हणाला, "चला सोपानराव, ऊन व्हायच्या आत निघू."

आबांनी पागोट्याची जळमटं झाडली. शेळीला हाक दिली आणि काठी डावीकडं, गायरानाकडं केली.

"आवो, असं कसं?" यापारी मागं धावला. "तुमीच म्हणले व्हते, सगळी इकायचीत म्हणून!"

"म्हणत व्हतो," आबा चालता चालता म्हणाले. "तवा वाट नव्हती."